निवडलेली आणि उरलेली

उज्जैन, ८ जानेवारी २०२५

मुक्ता,

फोन मी ठेवला नाही, फेकला. टावर चौकात, भर दुपारी, भाजीच्या पिशवीत. काच फुटली आणि मिरच्यांवर चुरा पडला. सगळ्या मिरच्या टाकून द्याव्या लागल्या. भाजीवाला म्हणाला, "बहनजी, किस पे इतना गुस्सा?" मी म्हटलं, "सगी बहन पे." तो हसला. त्याला वाटलं, घरातलं भांडण आहे.

घरातलंच आहे. फक्त घर एक नाही.

नवीन फोन घेतला तरी तुझा नंबर त्यात घालणार नाही. तू फोनवर रडतेस आणि माझ्याकडून हो म्हणवून घेतेस. आता काय ते कागदावर लिही.

तू काय म्हणालीस ते मी इथे मांडून ठेवते, म्हणजे नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" नको. सुमनमावशीला सहा महिने मी उज्जैनला आणावं. माझं घर तळमजल्यावर आहे, मी रिटायर झाले आहे, एकटी आहे. आणि शेवटी म्हणालीस, "काही झालं तरी तीच तुझी खरी आई."

ती माझी मावशी आहे. मी दोन महिन्यांची असताना तिने मला आपल्या थोरल्या बहिणीला देऊन टाकलं, तेव्हापासून मावशी. सुट्टीत आम्ही भुसावळला यायचो तेव्हा तू तिला आई म्हणायचीस आणि त्याच पंगतीत मी मावशी म्हणायची, तुझ्यासारख्याच तोंडाने. पाहुणे हसायचे. माझ्या आईचं नाव सुनंदा. ती माधव नगरात, याच घरात वारली. खरी आणि खोटी, हा हिशेब तू माझ्यापुढे मांडू नकोस.

आणि कोणाला तरी उचलून दुसऱ्याकडे द्यायचं, हा तुमच्याकडे रिवाजच आहे का? आधी मुलगी दिली. आता आई देता.

दुसरं. तुमच्या छापखान्याची प्रुफं मिळाली. ख्रिस्ती सेमिनरीच्या ज्या पाठ्यपुस्तकाचं मी भाषांतर करते आहे, त्यात मी "देवाची निवड" असं लिहिलं होतं. छापून आलंय "देवाची निवडणूक". अठ्ठेचाळीस ठिकाणी, मी मोजलं. "जगाच्या उत्पत्तीपूर्वीच देवाने निवडणूक केली." देव काय वॉर्डातून उभा आहे? एकतीस वर्षं कॉलेजात शिकवलं मी. मला शब्द कळतात. हे तूच केलंस, कारण तुझ्याशिवाय तिथे कोणी काही वाचत नाही.

जयू


पुणे, १४ जानेवारी

जयू,

ना मायना, ना नमस्कार. मीही घालत नाही. आज संक्रांत. तीळगूळ पाठवत नाही.

निवडणूक मीच केली. छापखान्याची शब्दांची एक जुनी यादी आहे, त्यात इलेक्शनपुढे निवडणूक लिहिलंय. यादी महापालिकेच्या अहवालांसाठी केली होती. मी न वाचता सगळीकडे बदल करून टाकला. चूक माझी. दुरुस्त करते. पण तुझ्या पहिल्या खर्ड्यात काय होतं, आठवतं? "देवाने चुनलेले लोक." तुमच्या उज्जैनला चुनतात, बाई, आमच्याकडे चुना लावतात. तो शब्द मी गुपचूप काढला होता. तेव्हा तू फोन फेकला नव्हतास.

आई एकोणऐंशीची आहे. गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं, डोकं शाबूत आहे. ती त्रास देते म्हणून मी तुला सांगत नाही. त्रास ती देत नाही. दिवसातून चाळीस वेळा "मुक्ता" म्हणते, एवढंच. मला सहा महिने कोणाचीच कोणी नसायचं आहे. कुठे जाणार, काय करणार, विचारू नकोस. मलाही माहीत नाही. ती सगळ्यांना सांगते, मुक्ताने माझ्यापायी लग्न केलं नाही. ते खोटं आहे. मला कोणी विचारलं नव्हतं. पण हे खोटं मी पंचवीस वर्षं ऐकून घेतलंय.

आणि तुला देऊन टाकलं नव्हतं. भुसावळच्या ज्योतिषाने पत्रिका बघून सांगितलं होतं, ही परघरी वाढली तरच जगेल. आईने तुला जगवण्यासाठी दिलं. मला लहानपणापासून हेच सांगितलंय. तुलाही सांगितलं असेल. तू ऐकलं नसशील.

मुक्ता


उज्जैन, २० जानेवारी

मुक्ता,

ज्योतिष तू उज्जैनच्या बाईला सांगतेस? इथे फ्रीगंजमध्ये चार दुकानं सोडून पाचव्यात पत्रिकावाला बसतो.

तुझ्यामाझ्यात अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत आकाशातलं काय बदललं? माझ्या वडिलांनी, अण्णांनी केलेली माझी पत्रिका माझ्याकडे आहे. तुझी काढ आणि शेजारी ठेव. तेच ग्रह, त्याच घरात. मग परघरी वाढायचा योग एकटीचा कसा? ही पत्रिका बघून ज्योतिषाने माझं नाव घेतलं असेल, तर तुझंही घ्यायला पाहिजे होतं.

हे मी माझ्या डोक्याने म्हणत नाही. मी भाषांतर करतेय त्या प्रकरणात पाचव्या शतकातला एक बिशप आहे, उत्तर आफ्रिकेतला. ज्योतिषांना त्याने हेच विचारलं होतं. एकच घटका, एकच आई, मग जुळ्यांची आयुष्यं वेगळी का? इथपर्यंत मला तो म्हातारा फार आवडला. त्या दिवशी मी त्याच्यासाठी दुसऱ्यांदा चहा केला असता.

मग पुढची पानं आली. ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात दोन जुळे भाऊ आहेत. अजून पोटात आहेत. चांगलं-वाईट काही केलेलं नाही, करायला हात मोकळे नाहीत. आणि देवाने ठरवून टाकलंय, हा माझा, तो नाही. बिशप म्हणतो, बघा, निवड कर्मावरून होत नाही. पुढे जे करतील त्यावरूनही होत नाही. मग कशावरून? ते विचारायचं नाही. माती कुंभाराला विचारते का? सगळी माणसं म्हणजे एकाच नासलेल्या मातीचा गोळा. त्यातून ज्याला उचललं त्याने आभार मानावेत. ज्याला उचललं नाही त्याला तक्रारीला जागा नाही.

आपल्याकडे निदान मागच्या जन्मीचं पाप तरी काढतात. इथे तेही नाही. ब्रिटनहून आलेला एक भिक्षू त्याच्या विरोधात उभा राहिला होता. म्हणाला, माणसाला चांगलं होता येतं, आणि देव असा तोंड बघून वागत नाही. त्याला धर्माबाहेर काढलं. मी त्याच्या बाजूची आहे.

मी माती नाही. मी विचारणार. सुमनमावशीसमोर बस आणि तिला विचार, दोन होत्या, मग जयूच का? ती जे म्हणेल ते जसंच्या तसं लिही. मग सहा महिन्यांचं हो की नाही ते सांगते. पत्रिकेसारखं काही लिहिलंस तर प्रकरणाची शेवटची बारा पानं मी पाठवणार नाही. सेमिनरीला तू उत्तर दे.

जयू


पुणे, २८ जानेवारी

जयू,

विचारलं. जसंच्या तसं लिहिते.

ती तांदूळ निवडत बसली होती. नीट दिसत नाही, तरी रोज ताट मागते. मी कानाशी जाऊन म्हटलं, "आई, जयूला द्यायचं, ते तूच निवडलंस का?"

म्हणाली, "तांदूळ निवडतात. पोरी निवडतात का कोणी?"

"मग कसं झालं?"

"सुनंदाला विचार. तिने नेली."

"सुनंदामावशीला जाऊन नऊ वर्षं झाली."

"मग झालं तर," म्हणाली, आणि ताट झटकलं.

एवढंच. पण ते ताट बघताना मला तुझा शब्द नव्याने दिसला. तांदूळ निवडले म्हणतो आपण, पण बोटं उचलतात खडे. उचललेलं टाकून देतात. ताटात उरतं ते शिजवतात. तू लगेच म्हणशील, बघ, म्हणजे मी खडा.

थांब. आता माझं ऐक. मी लहानपणी बरोबर उलटं धरून चालले होते. सुनंदामावशी पाहुण्यांसमोर तुझ्या डोक्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "हमने तो चुन के ली है." तुझा फ्रॉक इस्त्रीचा. मी शेजारी उभी, तेच नाक, तेच कपाळ. तुला चुनलं, म्हणजे मला बघून नको म्हटलं. दुकानात दोन वांगी हातात घेतात आणि एक परत टाकतात, तसं. पाहुण्यांपैकी एकानेही कधी माझ्याकडे वळून विचारलं नाही की हिचं काय.

तुला वाटतं राग फक्त तुलाच यायचा आहे. तुला कोणीतरी नेलं. मी उरले. उरलेल्या माणसाला रागवायला समोर कोणी नसतं, म्हणून ते आईची औषधं मोजत बसतं.

आता हो की नाही?

मुक्ता


उज्जैन, ४ फेब्रुवारी

मुक्ता,

नाही. कारण तू उत्तर आणलं नाहीस. तू ताट आणलंस.

तुला एक सांगते, जे मी कोणाला सांगितलेलं नाही. आईचं शेवटचं दुखणं चाललं होतं तेव्हा मी तिला विचारलं होतं, दोघींतून मलाच कशी चुनलीस? मला वाटलं होतं, ती काहीतरी गोड सांगेल. ती म्हणाली, "मी कुठे चुनलं गं? सुमनने हातात दिली, मी घेतली. तोंडसुद्धा गाडीत बसल्यावर बघितलं." मग म्हणाली, "लोकांना सांगायला बरं वाटायचं."

तेव्हा वांग्यांचं डोक्यातून काढून टाक. तुला कोणी परत टाकलं नाही. तुझ्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. निवड केली असेल तर ती सुमनमावशीने. ती तांदळाच्या ताटामागे लपते आणि तू तिला लपू देतेस.

तुझ्या रागाला मी नाही म्हणत नाही. पण तो माझ्यावर काढू नकोस. मी तेव्हा दोन महिन्यांची होते, इस्त्रीचा फ्रॉक नंतर आला.

प्रकरणात आता भिक्षू आलेत. समुद्रकाठच्या एका मठातले. त्यांनी बिशपचं लिखाण वाचलं आणि आपसात भांडले. म्हणाले, सगळं आधीच ठरलंय ना? मग आमच्या गुरूने आम्हाला रागवायचं कशाला? त्याने आमच्यासाठी प्रार्थना करावी आणि गप्प बसावं. मला वाटलं, आता म्हातारा सापडला. पण त्याने लांबलचक उत्तर लिहिलं. रागवा, म्हणाला. निवडलेला कोण, ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सगळ्यांनाच रागवा. त्या टोचणीनेच एखादा वळेल. वळणं ठरलेलं असेल तर रागवणंही ठरलेलं असेल.

या एका जागी मला तो पटतो. म्हणून मी तुला रागावते आहे. तूही तिला रागाव. माझ्या वतीने, मोठ्याने, चांगल्या कानात. तिच्यावर कधी कोणी ओरडलंच नाही, ही सगळी गडबड आहे. सगळे म्हणत आले, बिचारीने पोटची पोर दिली. बिचारी तिकडे होती. पोर इकडे होती.

जयू


पुणे, १९ फेब्रुवारी

जयू,

पंधरा दिवस लिहिलं नाही. ओरडले. तू सांगितलंस तसं, चांगल्या कानात. इतकी ओरडले की शेजारच्या प्रसादनी बेल वाजवली. मी त्यांना दारातूनच म्हटलं, "काही नाही, आईशी बोलतेय."

तिने हात वर केला. म्हणाली, "सांगते, ओरडू नको."

तिच्या शब्दांत लिहिते.

"दोघींना दूध पुरत नव्हतं. सुनंदाला मूल नव्हतं. एक द्यायची, एवढं ठरलं. कोणती, ते नव्हतं ठरलं. महिनाभर रोज सकाळी वाटायचं, आज ठरवीन. नाही ठरलं. तुझे बाबा म्हणाले, तू ठरव, मी गाडीची वेळ बघून येतो. त्या दिवशी सुनंदाचे यजमान टांगा घेऊन दारात. खांडव्याला गाडी बदलायची होती. लांबचा प्रवास. तू जागी होतीस, रडत होतीस. जयू झोपली होती. झोपलेली दिली. गाडीत सुनंदाला त्रास नको."

मी विचारलं, "आणि पत्रिका?"

"पत्रिका मागाहून. लोक विचारायचे, हीच का दिली. काहीतरी सांगायला लागतं ना."

मग तिने पाणी मागितलं. मी दिलं.

एवढंच आहे, जयू. तू खडा नाहीस आणि मी उरलेली नाही. मी रडत होते, म्हणून राहिले. कधी कधी वाटतं, त्यानंतर कधी गप्प झालेच नसते तर बरं झालं असतं.

आता माझं. १ मार्चचं तिकीट काढलंय, पुण्याहून दुपारची इंदूरची गाडी. उज्जैनला दुसऱ्या दिवशी सकाळी सात-वीस. प्रसाद मुलीकडे इंदूरला चाललेत, ते बरोबर असतील. डबा एस-चार, खालचा बर्थ. मी येणार नाही. मी आले तर तू माझ्याशी भांडशील आणि तिच्याशी बोलणार नाहीस. तू स्टेशनवर नसलीस तर प्रसाद तिला इंदूरला नेतील आणि मी तिथून परत आणीन. हे मी तुला विचारत नाही.

मुक्ता


उज्जैन, १ मार्च, दुपार

मुक्ता,

तिकीट काढून कळवतेस. आता तिकडे गाडी सुटली असेल. तुमच्या घरात कोणाला द्यायचं झालं की आधी गाडीची वेळ बघतात.

झोपलेली दिली. हे तीन शब्दही नाहीत आणि पत्र आल्यापासून मी ते घेऊन हिंडते आहे. बँकेत सही चुकली. सिंहस्थासाठी रस्ता खोदलाय, त्या खड्ड्यात पाय गेला. फ्रीगंजमध्ये एका ओळखीच्या बाईने विचारलं, "तबियत ठीक नहीं है क्या?" मी तिच्यावर ओरडले. नंतर माफी मागितली नाही.

मला कारण पाहिजे होतं. मी वाईट कारणाची तयारी करून बसले होते. काळी होते म्हणून, अशक्त होते म्हणून, तिला तूच जास्त आवडलीस म्हणून. वाईट कारणावर रागावता येतं. पंचावन्न वर्षं मी त्या कारणावर रागावत आले, आणि ते कारण तिथे नव्हतंच. तिथे एक टांगा उभा होता आणि मी झोपले होते. बिशपचा मला राग यायचा, की कारण विचारलं की हा वर बोट दाखवतो. आता वाटतं, म्हाताऱ्याने आत डोकावून बघितलं असेल आणि आत काही दिसलं नसेल. ते सांगण्यापेक्षा वर बोट दाखवणं बरं.

शेवटची बारा पानं याच पाकिटात आहेत. त्यात दोन तान्ह्या मुलांचा परिच्छेद आहे. दोघंही मरणार आहेत. एकाला बाप्तिस्म्याचं पाणी वेळेत लागतं. दुसऱ्याची आई त्याला घेऊन धावते आणि पोचेपर्यंत तो जातो. बिशप म्हणतो, पहिला निवडलेला होता. धावणाऱ्या आईबद्दल तो पुढे काही लिहीत नाही. मी एकही शब्द सौम्य केलेला नाही. तूही करू नकोस. "निवड" तशीच ठेव, दुसरा शब्द नाही आपल्याकडे.

मी माफ केलेलं नाही. हे तिला सांगू नकोस, मीच सांगीन, किंवा नाही सांगणार. टांगा, दूध, दोघींतली एक, हे सगळं मी मान्य करते. एकच गोष्ट गळ्याखाली उतरत नाही. जाताना एकदा उठवायचं होतं. डोळे उघडले असते, मी तिच्याकडे बघितलं असतं, रडले असते, मग द्यायचं होतं. झोपेत माणूस हलवत नाहीत. झोपेत चोरीचा माल हलवतात.

उद्या स्टेशनवर जाईन की नाही, मला माहीत नाही. हे पत्र मिळेल तोवर तुला कळलंच असेल.

जयू

२ मार्च. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून खाली लिहिते. आज सकाळी गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली. एस-चारमध्ये सुमनमावशी खालच्या बर्थवर झोपलेली होती. प्रसाद म्हणाले, "उठवू नका, घाबरतील. आपण दोघं धरून अलगद उतरवू." मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि तिला खांद्याला धरून हलवलं. तिने डोळे उघडले. म्हणाली, "मुक्ता, तू कशी आलीस इथे?" मी म्हटलं, "मुक्ता नाही. जयू." ती पूर्ण जागी होईपर्यंत थांबले. मग उतरवून घेतलं.